धडधड थांबल्यावरची हाक

"ही धडधड कधीपासून होते?" डॉक्टरांनी विचारलं. मी खरं होतं ते सांगितलं. "देवानं बोलावलं तेव्हापासून."

डॉक्टर स्वतः ख्रिस्ती, दवाखाना मिशनचा. मला वाटलं निदान मान तरी डोलावतील. त्यांनी मला डाव्या कुशीवर वळायला लावलं, पुन्हा छातीला नळी लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग शिकाऊ डॉक्टरांना बोलावून एकेकाला ऐकायला लावलं. सगळे ऐकून गंभीर होत होते. मला वाटलं, ह्यांनाही हाक ऐकू येतेय की काय.

"मायट्रल स्टेनोसिस," डॉक्टर म्हणाले.

मग कागदावर चार चौकोन काढून समजावलं. हृदय म्हणजे चार खोल्यांचं घर. डावीकडच्या वरच्या खोलीतून रक्त खालच्या खोलीत उतरतं, मध्ये एक दार असतं, ती मायट्रल झडप. माझ्या त्या दाराच्या कडा एकमेकींना चिकटल्या होत्या. रक्त वर तुंबत होतं आणि फुप्फुसात साचत होतं. म्हणून दम लागायचा, म्हणून खोकल्यातून रक्त आलं. "आणि वरची खोली ताणली गेली की तिचा ठेका चुकतो," ते म्हणाले. "त्यालाच तुम्ही धडधड म्हणताय."

आई माझ्या शेजारी उभी होती. कराडजवळच्या आमच्या गावाहून ती आदल्या दिवशीच आली होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, "हिचे सांधे लहानपणी कधी सुजले होते?"

"व्हय की," आई म्हणाली. "गुडघं सुजलं हुतं, ताप बी लय हुता. हळदीचा लेप लावला, उतारलं."

"सांधे उतरले," डॉक्टर म्हणाले. त्या तापाला रुमॅटिक फीव्हर म्हणतात, सांध्यातून तो निघून जातो पण हृदयाच्या झडपेवर वळ ठेवून जातो, हे त्यांनी आईला न दुखावता सांगितलं. तरी ती दुखावलीच. पुढे कितीतरी दिवस तिनं भाजीत हळद टाकताना हात आखडता घेतला. हळदीचा त्यात काय दोष, पण आईला कोण सांगणार.

मला मात्र ताप, सांधे, हळद काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. त्यालाच तुम्ही धडधड म्हणताय.

आता ती धडधड माझ्यासाठी काय होती ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईला दुखण्याचं कारण कळलं आणि ही तोंड पाडून का बसलीय.

मी सांगलीला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि तिथल्याच बोर्डिंगात राहत होते. म्हसवडच्या सगुणाआत्या वर्षातून एकदा आमच्याकडे यायच्या. त्या बायबलबाई. म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, गीतं शिकवायची, आजाऱ्यापाशी बसायचं. म्हसवडला त्यांनी एका खोलीत दहाबारा पोरी सांभाळल्या होत्या, आईबापाविना राहिलेल्या. दुष्काळ नुकता सरला होता, माण तालुक्यात माणसं अजून खडी फोडून आलेल्या हातांनी भाकरी खात होती.

त्या वेळी आत्यांनी येताना हुलगे, म्हणजे कुळीथ, आणले होते. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही ते निवडत होतो. आत्या ताट डोळ्यांशी नेऊन बघायच्या आणि खाली ठेवायच्या. म्हणाल्या, "सुशे, मला खडं दिसत न्हाईत आता. पोरींच्या दाताखाली येत्यात. म्हसवडला येतीस का?"

मी म्हटलं, "बघू की आत्या," आणि ताट माझ्याकडे ओढून घेतलं. एवढंच झालं.

त्याच आठवड्यात मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, संजीवन सभा होत्या. देवळाच्या आवारात मांडव घातला होता आणि बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. बोलणं असं की ऐकणाऱ्यानं पदर डोळ्याला लावलाच पाहिजे. शेवटच्या संध्याकाळी ते म्हणाले, "प्रभू ज्याला सेवेला बोलावतोय त्याचं काळीज ह्या क्षणी धडधडत असेल. ते दाबू नका. उभे राहा."

आणि माझं काळीज हळदीच्या गिरणीसारखं चालू झालं. बाजारात गिरणी चालू असली की पायाखालची फरशीसुद्धा थरथरते, तसं. कानात, गळ्यात, बोटांच्या टोकात. श्वास पुरेना. मी उभी राहिले.

मंडळीच्या पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, बायकांनी मिठ्या मारल्या, उपदेशकांनी नाव विचारलं. मी म्हटलं, मी म्हसवडला जाणार. सगुणाआत्या मागे सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि झोळी आवरायला घेतली, त्यांना सकाळची एसटी होती.

तेव्हापासून धडधड माझी सोबतीण झाली. बादली घेऊन जिना चढताना ती सुरू व्हायची, की मी कठड्याला धरून थांबायची आणि म्हणायची, "येते प्रभू, येते. एवढं वर्ष संपू दे, मुलींची परीक्षा होऊ दे." मला वाटायचं देवाला घाई झालीय. रात्री आडवी झाले की दम कोंडायचा, तर मी उठून बसून प्रार्थना करायची. बोर्डिंगातल्या पोरी म्हणायच्या, बाई किती प्रार्थना करतात. अहो, मला झोपताच येत नव्हतं.

मग एक दिवस वर्गात खोकला आला आणि रुमालावर रक्त दिसलं. सगळ्यांनी क्षय धरला. मुख्याध्यापिकांनी माझा पेला वेगळा केला. एक्स-रे काढला, थुंकी तपासली, क्षय निघाला नाही. ईसीजी काढला, त्यात कागदावर हृदयाच्या रेघा उमटतात. माझ्या रेघा वेड्यावाकड्या होत्या. आणि शेवटी मी त्या टेबलावर डाव्या कुशीवर झोपले, ते सुरुवातीला सांगितलंच.

डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. क्लोज्ड मायट्रल व्हॉल्व्होटॉमी. म्हणजे हृदय चालू असतानाच, न उघडता, चिकटलेली झडप मोकळी करायची. डाव्या बरगड्यांमधून आत जायचं. "हृदयाच्या वरच्या खोलीला बाहेरून एक लहानसा कान असतो, खरंच कानासारखा दिसतो," ते म्हणाले. "तिथून मी बोट आत घालतो. आत दिसत काही नाही. बोटालाच झडप लागते, तीच चाचपून दार उघडायचं."

माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं आला असेल, पण नुसत्या भीतीचा काटा असा नसतो. माणसाच्या काळजाला कान असतो, आणि त्या कानातून दुसऱ्या माणसाचं बोट जिवंत काळजात जाऊन येतं. मी शाळेत शरीराचे भाग शिकवत आले होते, तक्ता टांगून, छडी लावून. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"झडप मोकळी झाली की धडधड जाईल?" मी विचारलं.

"तुमची बहुतेक जाईल."

मी म्हटलं, मला विचार करायला वेळ हवा.

डॉक्टरांना वाटलं मी घाबरले. मरणाला मी घाबरतच होते, नाही म्हणत नाही. पण दुसरी भीती मोठी होती. मला बोलावलं ते देवानं का आकसलेल्या झडपेनं? धडधड गेली आणि मागे काहीच उरलं नाही तर? मग मी भरल्या मांडवात उभी राहिले ती कशासाठी, आणि म्हसवडला जायचं ते कुणाच्या सांगण्यावरून? पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आधी बऱ्या व्हा, मग बघू," आणि प्रार्थना करून गेले. चांगला माणूस, पण प्रश्नाच्या कडेकडेनं चालायचा.

शेवटी आईच चिडली. "ऑपरेशन न्हाई केलं तर काय, इचारलंस का?"

विचारलं होतं. पुढचं वर्ष दिसेल असं सांगता येत नाही, म्हणाले होते.

"मग? देव काय तुझ्या झडपंत अडकून बसलाय व्हय? झडप उघडली की उडून जायाला त्यो काय चिमणी हाय?" आईनं भांडी आपटली. वॉर्डाच्या मागे नातेवाइकांच्या चुली होत्या, तिथं ती माझी पेज शिजवायची, बिनमिठाची. मला पटलं नाही. पण आईच्या हाताला बसलेला चटका बघितला आणि मी डॉक्टरांना हो म्हणून सांगितलं.

ऑपरेशनच्या सकाळी टेबलाभोवती सगळे थांबले. त्या दवाखान्यात चाकू घेण्याआधी प्रार्थना करायची रीत होती. डॉक्टरांनी तोंडावर फडकं बांधलेलं, धुतलेले हात छातीशी धरलेले. म्हणाले, "प्रभू, ही तुझी, हे हात तुझे. आमेन." मला वाटलं होतं लांब करतील. माझं काळीज धडधडत होतं. मी मनात म्हटलं, जातेस तर जा बाई, पण सांगून जा. मग भुलीचं औषध चढलं.

जाग आली तेव्हा छातीतून एक रबरी नळी खाली बाटलीत सोडलेली होती. आतलं रक्त आणि पाणी त्यात ठिबकत होतं. दुखणं विचारू नका. खोकायला लावायचे, सिस्टर उशी छातीशी दाबून धरायच्या, आणि मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते पाळकसाहेबांना कळू नये. पुढे ज्यांना ह्यातून जायचंय त्यांना सांगते, उशी घट्ट धरा आणि खोका. न खोकलात तर जास्त भोगाल.

नळी निघाल्यावर एका दुपारी सिस्टरनी डोक्याखालचे तक्के काढले. किती महिन्यांनी मी सपाट झोपले. श्वास आत गेला आणि जातच राहिला, अगदी तळापर्यंत. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. हवा फुकट मिळते म्हणून आपण तिला मोजत नाही. मी वर पंख्याकडे बघत नुसता श्वास घेत होते आणि रडत होते. आईला वाटलं दुखतंय. मी म्हटलं, "आई, हवा येतीय." ती पण रडायला लागली.

आणि मग माझ्या लक्षात आलं, छातीत चिडीचूप आहे.

गिरणी बंद झाली की एकदम चिमण्या ऐकू येतात, तसं झालं. फेरीवर आलेल्या डॉक्टरांना मी विचारलं, "आत काय लागलं?"

त्यांनी आपलं बोट वर करून बघितलं. "दार फार अरुंद होतं. पेन्सिल जेमतेम जाईल एवढं. आता दोन बोटं जातात."

"आणखी काही?"

मला काय विचारायचंय ते त्यांना कळलं. पहिल्या दिवशीचं माझं उत्तर ते विसरले नव्हते. म्हणाले, "बोटाला झडप कळते, सुशीलाबाई. बाकीचं मला विचारू नका. मीसुद्धा तिथं हात धुऊनच जातो."

ते पुढच्या खाटेकडे गेले. मी दिवसचे दिवस वाट बघितली. प्रार्थना करायची आणि छातीवर हात ठेवून बसायची. काही नाही. टिक टिक, टिक टिक, शहाण्या मुलीसारखं. देवाला म्हटलं, एकदाच वाजव, मी ओळखीन. काही नाही. मला इतकं पोरकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, बाप गेला तेव्हासुद्धा नाही.

माझ्या खाटेपासून तिसऱ्या खाटेवर हौसा म्हणून एक बाई होती, शिराळ्याकडची, शेतकरी घरातली सून. तिलाही हाच आजार, हेच ऑपरेशन. नवरा पलटणीत, दूर सरहद्दीवर, सुट्टी मिळाली नव्हती. सासू सोबत होती. ऑपरेशन ठरलं आणि हौसानं गाठोडं बांधलं. मला घरी सोडा म्हणाली. सिस्टर समजावून थकल्या, सासू रडून थकली. का नको ते ती सांगेना.

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझं मलाच पुरे झालं होतं. मागून हाक आली. "बाई, जरा हिकडं येता का?"

मी उठले. बरगडी धरून, खाटांचे गज पकडत गेले आणि तिच्या उशाशी बसले. सासूला तिनं पाणी आणायला पाठवलं. मग हळूच म्हणाली, "तुमास्नी इचारती. खरंच काळजात बोट घालत्यात?"

"घालतात."

"बाप्यामाणसाचं?"

"डॉक्टरांचं."

तिनं गाठोडं मांडीवर ओढलं. "माझ्या काळजात माझा धनी हाय, बाई. त्यो तिकडं बर्फात हुबा हाय आन् मी हितं परक्या बाप्याचं बोट त्येच्या जागंवर जाऊ दिऊ व्हय? बोटानं त्यो हलला बिलला तर? त्येला तिकडं काय झालं तर?"

एरवी मी हसले असते. मी तशी हसरी आणि जिभेनं तिखट आहे, कुणाच्याही अडाणीपणावर चार शब्द सुनवायला मला वेळ लागत नाही. पण मला हसू आलं नाही. ती माझंच भय तिच्या शब्दांत सांगत होती. मी चोळीची बाजू सरकवून तिला टाके दाखवले.

"हौसा, माझ्या काळजात देव होता," मी म्हटलं. "मलाही वाटलं, बोट गेलं की तो जाईल. बोट जाऊन आलं. झडपेचं दार उघडलं, तेवढंच. तो आहे तिथंच आहे."

"खरं?"

"खरं."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग गाठोड्याची गाठ सोडली, लुगडं काढलं आणि परत खाटेखालच्या फळीवर ठेवलं. सासू तांब्या घेऊन आली तेव्हा हौसा तिला म्हणाली, "डाक्टरास्नी सांगा, करा म्हणावं."

मी माझ्या खाटेवर येऊन बसले. आणि बसल्यावर माझंच वाक्य मला परत ऐकू आलं.

तो आहे तिथंच आहे, हे मी कुणाला सांगून आले? मला तर ते माहीतच नव्हतं. इतके दिवस मी रडत होते ते ह्याच्यासाठीच. पण बोलताना एक क्षणही मी अडखळले नव्हते, आणि बोलले त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ती हाक मारते म्हणून मी उठले होते. उठताना छातीवर हात ठेवून बघितलं नव्हतं की वाजतंय का नाही. काळीज शांत होतं आणि पाय निघाले होते.

रविवारच्या शाळेत पोरांना मी बायबलातल्या, देवळात झोपणाऱ्या त्या मुलाची गोष्ट शिकवायची. देव त्याला हाक मारतो आणि त्याला वाटतं म्हाताऱ्या याजकानंच बोलावलं. तो दरवेळी उठून त्या म्हाताऱ्याकडे धावत जातो. पोरं हसायची, मीही हसायची. माझं त्याहून वाईट झालं होतं. माझ्या झडपेचा आवाज मी देवाचा समजले, आणि देवानं हाक मारली ती मला म्हातारीची वाटली. मी तिला बघू म्हणाले आणि ताट ओढून घेतलं. मांडवात उभं राहण्याच्या चार दिवस आधी मला बोलावणं येऊन गेलं होतं. पोरींच्या दाताखाली खडे येत होते, एवढाच निरोप होता.

मी गुडघे टेकू शकत नव्हते, टाके ओढायचे. बसल्या जागीच डोकं खाली घातलं. त्या दुपारी त्या वॉर्डात, औषधाच्या वासात, मला देवाची जी भीती वाटली ती मी पुन्हा कधी विसरले नाही. ती चांगली भीती होती. कुणी आपल्याला आपल्याहून आधी ओळखतं, तशी.

हौसाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी तिच्याजवळ गेले. ओठ सुकलेले, नाकात नळी. मला बघून तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "हाय, बाई. धनी जागच्या जागी हाय." सिस्टरना वाटलं भुलीत बडबडतेय.

दवाखान्यातून सुटताना डॉक्टरांनी बजावलं, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवायचं नाही, म्हणजे तो ताप परत झडपेला धरणार नाही. मी चुकवत नाही. तुमच्या घरातल्या पोराचा घसा दुखून ताप आला आणि मागोमाग सांधे सुजले, तर लेप लावून थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. जिना चढताना धडधडलं तर प्रार्थना जरूर करा, पण ईसीजीही काढून घ्या. त्या डॉक्टरांचे, त्या सिस्टरांचे, चुलीपाशी धुरात बसलेल्या माझ्या आईचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. फेडायचा हिशेबही मी करत नाही, नुसती आठवण ठेवते.

शाळेचं वर्ष संपल्यावर मी म्हसवडच्या एसटीत बसले. निरोपाची सभा पाळकसाहेबांनी करायची म्हटली, मी नको म्हटलं. उतरून चालत गेले, ऊन मरणाचं, वाटेत दोनदा थांबले ते दमानं नव्हे, पाणी प्यायला.

खोलीच्या दारात सगुणाआत्या बसल्या होत्या. डोळे पार गेले होते. पावलांचा आवाज ऐकून मान वर केली.

"सलाम, आत्या," मी म्हटलं.

"सुशी का गं?" त्या म्हणाल्या. तब्येत विचारली नाही, ऑपरेशनचं विचारलं नाही. उशीर का केलास असंही विचारलं नाही. हातानं चाचपत मांडीवरचं ताट माझ्याकडे सरकवलं. हुलगे होते. निम्मे निवडलेले, आणि निवडलेल्यात खडे तसेच.

मी पिशवी खाली ठेवली आणि निवडायला बसले.